टँकरच्या नळाचं पाणी

"पाणी ते पाणी" हे आमच्या मालकांचं ठरलेलं वाक्य. ते गाडीचे मालक आणि माझेही मालक, आणि दोघींपैकी एकीचंही ऐकायचं नाही हा त्यांचा नियम. गाडी बिचारी बोलत नव्हती. मी बोलत होते, पण उपयोग तेवढाच.

गाडी म्हणजे आमचा पाण्याचा टँकर. जुना ट्रक घेऊन त्यावर टाकी बसवलेली. उन्हाळ्यात जाफराबादकडच्या वाड्यावस्त्यांवर पाणी टाकायचं, एरवी बांधकामावर नाहीतर मोसंबीच्या बागांना. मालकांच्या तोंडापुढं एकही क्लीनर टिकला नाही, म्हणून शेवटी मीच केबिनमध्ये बसायला लागले. वस्तीवर पोचलं की मागचा व्हॉल, म्हणजे टाकीची चावी, उघडायचा, पाइप धरायचा, रांगेतली भांडणं सोडवायची हे माझं काम. भांडण्यात मी कुणाला हार जात नाही, त्यामुळं जमलं.

टाकीच्या बाजूला मालकांनी एक पितळी नळ बसवून घेतला होता. हात धुवायला, काच पुसायला, आणि रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालायला. नळाखाली कॅन धरायचा, भरला की रेडिएटरचं झाकण उघडून ओतायचा. आमच्याकडचे सगळेच टँकरवाले हे करतात. गाडीवर पाणी असताना इंजिनासाठी वेगळं पाणी आणणारा माणूस येड्यात निघतो.

जालन्याचा आमचा मिस्त्री मात्र बघितलं की ओरडायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाभी, हे बोअरचं खारं पाणी इंजिनाला जहर हाय. आत दगड जमतो. डब्यातलं कूलंट घाला, ते न्हाई तर निदान बॅटरीचं पाणी घाला. हे बिलकुल नको."

मालक तिथंच होते. म्हणाले, "मागं येवढं पाणी घेऊन हिंडतो आन् इंजिनासाठी डबा इकत आणू का? पाणी ते पाणी."

मला मिस्त्रीचं लगेच पटलं, कारण मी ते घरी रोज बघत होते. आंघोळीचं पाणी तापवायचा आमचा हीटर, तो बादलीत सोडायचा तारेचा. त्याच्यावर पांढरा थर चढत चढत अशी जाड साल व्हायची की तार दिसायची नाही, आणि मग एके दिवशी तो फट्‌ करून जायचा. मी असाच एक गेलेला हीटर मालकांपुढं नेऊन धरला. म्हटलं, "हे बघा. सकाळचं घटकाभर पाण्यात राहून याची ही गत. तुमचं इंजिन तर दिवसभर उकळतंय." त्यांनी नखानं तो थर खरवडून बघितला आणि म्हणाले, "हीटर हलका हाय." मी हात टेकले.

पुढं गाडी तापायला लागली. मीटरचा काटा आधी अर्ध्याच्या खाली असायचा, मग अर्ध्यावर राहायला लागला, मग त्याच्याही वर. मी बोट दाखवलं की मालक म्हणायचे, मीटर येडं झालंय. चढावर गाडी दमायची, वर पोचलं की मालक सावली बघून उभी करायचे आणि पुन्हा त्याच नळाखाली कॅन धरायचे. मी तोंड फिरवून बसायची.

त्या दिवशी आम्ही डोंगरापलीकडच्या एका वस्तीवर निघालो होतो. खिंडीचा चढ चढून पलीकडं उतरलं की पत्र्याची थोडी घरं. तिथली विहीर कधीच आटलेली, आणि आमची फेरी बऱ्याच दिवसांनी लागलेली. दुपारचं ऊन असं की केबिनचा पत्रा हाताला लावून घेत नव्हता. रिवाजाप्रमाणं मालकांनी उतारावरूनच लांब हॉर्न दिला. हॉर्न ऐकला की बाया घागरी, ड्रम, पाइप घेऊन बाहेर यायच्या. ज्याचा पाइप आधी त्याचा नंबर आधी, म्हणून प्रत्येक घर आपला पाइप जवळच पण दुसऱ्याला दिसणार नाही असा लपवून ठेवायचं.

शेवटच्या घरची सून नवी होती. लग्नाला अजून वर्षही नव्हतं झालं. तिचा पाइप गोवऱ्यांच्या ढिगामागं वेटोळं करून ठेवलेला. सावलीतली जागा, पाइपात राहिलेल्या पाण्यानं थोडी ओल धरलेली. त्या उन्हात गारवा काही माणसालाच लागतो असं नाही. हॉर्न ऐकून तिनं घाईनं हात घातला.

मी नुकती खाली उतरून व्हॉलला हात लावला होता. ती मनगट धरून चालत आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, काहीतरी चावलं वो." आवाज अगदी साधा. काटा टोचल्यासारखा. सासू काठी घेऊन ढिगामागं गेली आणि तशीच मागं फिरली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. म्हणाली, "नाग हाय. पाइपाच्या येटोळ्यातच हाय अजून."

बाजाराचा दिवस होता. गडीमाणसं, मोटारसायकली, सगळं जाफराबादला गेल्तं. एकीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती गाडी दुसऱ्या टोकाला रोगी घेऊन निघालेली. यायला लई वेळ लागणार होता. सगळ्या बाया एकदम टँकरकडं बघायला लागल्या.

मालक खिडकीतूनच म्हणाले, "चढवा तिला. जल्दी."

तेवढ्यात एक म्हातारी बोलून गेली, "आन् पाणी?" लगेच तिनं पदर तोंडावर धरला. तिला काय बोलावं, तिच्या घरात पाणी नव्हतं. पण टाकी रिकामी करत बसायला वेळ नव्हता, आणि तालुक्याचा दवाखाना खिंड ओलांडून, आमच्याच आलेल्या वाटेनं. भरलेला टँकर घेऊन तोच चढ परत चढायचा होता. आम्ही पोरीला आत घेतलं आणि निघालो.

आमच्या गाडीत इंजिन केबिनच्या आतच येतं, दोन सीटांच्या मधोमध, वर झाकण. पोरीला सीटवर आडवं केलं, डोकं सासूच्या मांडीवर. मला जागा उरली ती इंजिनाच्या झाकणावर, गोधडीची घडी टाकून. मी पोरीचा हात जागचा हलू नये म्हणून धरून बसले आणि तिला बोलतं ठेवलं. माहेर कुठलं, भावंडं किती, आईच्या हातची कुठली भाजी आवडते. ती सगळं बराबर सांगत होती. मग जीभ जड व्हायला लागली.

मी म्हटलं, "डोळे उघड गं बाई. झोपायचं न्हाई."

ती म्हणाली, "उघडेच हायेत की."

तिच्या पापण्या मिटलेल्या होत्या. सासूनं माझ्याकडं बघितलं, मी सासूकडं.

चढ सुरू झाला आणि गाडी दमायला लागली. माझ्या खालची गोधडी आधी कोमट होती, मग गरम झाली, मग बसवेना. मीटरकडं बघायची मला गरजच नव्हती, तरी नजर जात होती. मालकांचीही जात होती. एरवी मी तिथंच सुरू झाले असते, बघा, सांगत नव्हते का, म्हणून. त्या दिवशी पोरीचा हात तेवढा धरून राहिले. काटा लाल पट्ट्याला टेकला होता.

सासू शेतात राबणारी, तिला मीटर काय कळणार. पण आम्ही दोघं पुन्हा पुन्हा एकाच जागी बघतोय हे तिला कळलं. तिनं विचारलं, "भाऊ, काय बघून राह्यले तुम्ही? गाडीला काही होतंय का?"

"काही न्हाई, मावशी."

"खरं सांगा. ही गाडी म्हंजे तुमचं पोट हाय. गाडी जळणार आसंल तर मी हिला घेऊन उतरते. रोडला कुणीतरी भेटंल."

त्या रस्त्यावर त्या उन्हात कुणी भेटणार नव्हतं. मालकांनी गळ्यातला रुमाल काढला, मीटरवर टाकला, आणि थोड्या वेळानं त्याचं टोक उचलून आत बघितल्यासारखं केलं. म्हणाले, "उतरला काटा. गाडी बराबर हाय. तुम्ही पोरीकडं ध्यान द्या." मी इंजिनावर बसले होते. काय उतरलं आणि काय चढलं ते माझ्या मांड्यांना कळत होतं.

निम्म्या चढावर गाडी चालतेय की उभी आहे तेच समजेना. पुढून वाफ यायला लागली, तापलेल्या रंगाचा वास केबिनमध्ये भरला. एवढं पाणी मागं घेऊन चाललो होतो आणि इंजिनाला द्यायला त्यातला थेंब कामाचा नव्हता. झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी मालकांच्या तोंडावर आलं असतं, आणि त्या तापल्या इंजिनात गार पाणी घातलं तर ते तिथंच तडकलं असतं. मालक मला म्हणाले, "व्हॉल उघड. ओझं कमी कर."

मी सासूकडं बघितलं. ते पाणी तिच्या वस्तीचं होतं. तिची मांडी पोरीच्या लाळेनं भिजली होती. ती म्हणाली, "सोड बाई, सोड. आम्ही मरत न्हाई चार दिवसांत. सोड जल्दी."

मालकांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. मी उडी मारली, धोंडा उचलून चाकामागं सरकवला, व्हॉल सगळा फिरवला आणि धावत येऊन चढले. पाणी असं कोसळलं की रस्त्यावरची धूळ उसळली. आरशात बघितलं तर मागचा सगळा चढ ओला, आणि त्या ओलीवर कुठून कोण जाणे साळुंक्या येऊन उतरलेल्या. वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन तशाच उभ्या असतील, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं.

गाडी हलकी झाली तशी सरकली. पोरगी आता बोलत नव्हती. मी तिच्या नाकापुढं बोट धरलं. श्वास लागायचा, मग बराच वेळ लागायचा नाही, मग पुन्हा लागायचा. जेव्हा लागायचा नाही तेव्हा माझाही थांबायचा. मालकांनी ॲक्सिलेटरवर पाय दाबून धरला होता.

खिंड ओलांडली, उतार लागला, आणि माझ्या खाली इंजिनात ठकठक सुरू झाली. पहिल्यांदा हळू, मग कुणी आतून घणानं ठोकावं तशी. मालकांनी गियर काढला. एक मोठा दणका बसला आणि सगळं शांत झालं. इंजिन गेलं. गाडी मात्र चालत होती, उतारानं, नुसत्या स्वतःच्या वजनावर. वाऱ्याचा आवाज येत होता आणि मागून उरलेल्या पाण्याचा.

इंजिन बंद पडलं की आमच्या गाडीचं स्टेअरिंग दगड होतं, आणि ब्रेक चालतो हवेवर, हवेच्या टाकीत साठलेली पुरेल तेवढाच. ती संपली की संपलं. मालक ब्रेकवर पाय ठेवत नव्हते. हवा दवाखान्यासाठी राखून ठेवत होते. मला म्हणाले, "हॉर्न दाबून धर. सोडू नको." मी वाकून हॉर्न दाबला तो दाबला. गाव आलं, दुकानं आली, माणसं शिव्या देत बाजूला झाली. वळणावर मालक उभे राहून स्टेअरिंग ओढत होते आणि मी दुसऱ्या हातानं. तोंडानं देवीचं नाव घेत होते की मालकांना शिव्या देत होते, मला आठवत नाही. दोन्ही असेल.

दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थोडी थांबली, पुन्हा सरकली, मग हँडब्रेकवर रस्त्याच्या मधोमध तिरपी होऊन उभी राहिली. लोकांनी पोरीला उचलून आत नेलं. डॉक्टरांनी घशात नळी घातली, इंजेक्शन सुरू केलं. आम्हाला बाहेर बसवलं.

सासू व्हरांड्यात खाली बसली होती, पोरीची एक चप्पल हातात धरून. दुसरी कुठं पडली कुणास ठाऊक. मी गाडीपाशी गेले. मालक केबिनमध्ये तसेच बसलेले. मी मीटरवरचा रुमाल उचलला. तो जुना, धुऊन धुऊन विरलेला, आरपार दिसायचा.

मी विचारलं, "दिसत व्हतं ना तुम्हाला यातून?"

"दिसत व्हतं."

एवढंच. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. भर रस्त्यात काय करणार, मी रुमालाची घडी घालून दिली.

दिवस मावळताना डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, वेळेत आणलंत, थोडा जरी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले.

गाडी ओढून जालन्याला नेली. मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि आम्हाला बोलावून दाखवलं. जिथून पाणी फिरायचं त्या वाटा पांढऱ्या दगडानं गच्च भरलेल्या. हीटरवरचा थर, तोच. मिस्त्री काही बोलला नाही, भला माणूस. मी मालकांच्या तोंडाकडं बघत होते. म्हटलं, आता तरी म्हणतील. ते हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "चढ लई कडक व्हता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री जेवताना मी तो जुना हीटर त्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला. त्यांनी तो उचलून भिंतीशी ठेवला आणि भाकरी मोडली.

गाडी बसून होती तेवढे दिवस आम्हीही बसून होतो. मग दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन मिळालं. ते बसवलं, आणि मालकांनी स्वतः जाऊन हिरव्या कूलंटचा डबा आणला. मला दाखवला नाही. मीही बघितला नाही असं केलं. बाजूचा पितळी नळ मात्र होता तसाच होता.

पाऊस अजून लागला नव्हता. त्या वस्तीची फेरी पुन्हा आमच्याकडं आली. उतारावर मालकांनी हॉर्न दिला नाही. पार घरांजवळ गेल्यावर, गाडी उभी करून मग दिला. बाया आल्या. सगळ्यांचे पाइप आता उघड्यावर, लिंबाच्या फांदीला टांगलेले, कुणी काही लपवलेलं नव्हतं. नवी सून दारात उभी होती. वाळली होती, पण उभी होती. पाणी भरायला मात्र ती पुढं येत नव्हती.

सासू आली. मला वाटलं हात जोडेल, रडेल. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ, आम्हाला बाजारात कळलं. तुमची गाडी माझ्या सुनेपायी गेली. वस्तीचं पाणी तिच्यापायी सांडलं. हे आमच्यावर ऱ्हाईल."

ती वाईट मनानं बोलली नव्हती, कशी बोलेल. पण दारातल्या पोरीची मान खाली गेली. मी बाई आहे, मला कळतं. नव्या सुनेला असा एक शब्द चिकटला की तो धुऊन निघत नाही. घरात काही फुटलं, काही आटलं, की तोच निघतो. बहुतेक निघायला लागलाही होता, म्हणून तर ती दारातून हलत नव्हती. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मालक खाली उतरले.

"कोण म्हणतं?" ते म्हणाले. "मावशी, इकडं या." तिला ते टाकीच्या बाजूला घेऊन गेले आणि पितळी नळावर हात ठेवला. "ह्या नळाचं खारं पाणी रोज घालून घालून मी मारलं इंजिन. आत दगड झाला व्हता सगळा. मिस्त्री सांगून थकला. ही बोंबलून थकली, हीटर आणून दाखवला हिनं मला. मी ऐकलं न्हाई. गाडी कव्हाचीच गेल्ती, त्या दिवशी नुसती पडली. पोरगी नसती तर दुसऱ्या दिवशी पडली आसती. पाणी सांडलं ते बी माझ्यापायी. गाडी धड आसती तर भरल्या टाकीनं चढली आसती."

मालकांच्या तोंडून हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते मलाच माहीत. ते शब्द आले की आपण काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलेलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

सासूनं माझ्याकडं वळून विचारलं, "खरं का बाई?"

"खरं हाय मावशी," मी म्हटलं. "हीटर घरीच हाय. म्हणाल तर पुढच्या फेरीला घेऊन येते."

दारातली पोरगी फसकन हसली. हसली आणि लगेच तोंडावर हात धरला, पण मान वर झाली होती. मग एकजण हसली, मग सगळ्याच. मालक चिडून केबिनमध्ये जाऊन बसले. सासू वळून पोरीला म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? घे पाइप. आपला नंबर पयला."

पोरीनं फांदीवरून पाइप ओढला, आधी झटकून बघितला, आणि माझ्या हातात टोक दिलं. मी व्हॉल उघडला.